ध्रुवाजवळची घरे थंडीने नव्हे, उबेने पडतात

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

उत्तर ध्रुवाच्या आसपास माणसे कशी राहतात, यावर वर्षाकाठी एखाद-दुसरा लेख वृत्तपत्रांत येतोच. इग्लू, मध्यरात्रीचा सूर्य, पांढरी अस्वले आणि ‘जिथे मरायला बंदी आहे’ असे गाव यांची त्यात ठरलेली हजेरी असते. वाचायला मजा येते. पण तिथले घर उभे कसे राहते, नळाला पाणी कुठून येते, सांडपाणी जाते कुठे आणि यातले काय का बिघडते, हे वाचकाच्या हाती लागत नाही. आर्क्टिक प्रदेशात आज सुमारे ४० लाख लोक राहतात आणि त्यांतले बहुतेक चार भिंतींच्या पक्क्या घरांत राहतात. त्या घरांबद्दल थोडे नेमके लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच. लांबला तर कात्री आपल्या हाती आहेच.

आधी अक्षांशाचा गैरसमज. आर्क्टिक वृत्त ओलांडले की सगळीकडे एकच हवामान, असे धरून चालले जाते. नॉर्वेतले ट्रॉम्सो आणि सायबेरियातले नोरील्स्क ही दोन्ही शहरे साधारण ६९ अंश उत्तरेला आहेत. ट्रॉम्सोचे जानेवारीतले सरासरी तापमान उणे ४ अंशांच्या आसपास असते, तर नोरील्स्कचे उणे २५ च्याही खाली जाते. अटलांटिकचा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वर सरकतो, म्हणून ट्रॉम्सोचे बंदर गोठत नाही. त्याच प्रवाहाच्या कृपेने १९१६ साली वसवलेले मुरमान्स्क अडीच लाखांहून जास्त वस्तीचे शहर बनले. अशा ठिकाणी हिवाळा लांब आणि अंधारा असतो एवढेच. बांधकाम बऱ्याच अंशी इतर थंड देशांसारखेच चालते. खरे घोडे पेंड खाते ते पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे सलग दोन वर्षे तरी शून्य अंशाच्या वर न गेलेल्या जमिनीवर.

या जमिनीचा वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याची जाडी जागेनुसार अर्धा ते दीड मीटर किंवा त्याहून जास्त असते. त्याखालचे सगळे कायम गोठलेले. गोठलेले असेपर्यंत ते भक्कम असते. पण बारीक गाळाची माती असेल, तर तिच्यात बर्फाचे थर आणि पाचरी असतात; काही जागी मातीपेक्षा बर्फच जास्त. अशा जमिनीवर थेट पाया घालून घरात २० अंश तापमान ठेवले, की फरशीतून उष्णता खाली झिरपते आणि घराखाली वितळलेल्या मातीची एक वाटी तयार होते. कडांची उष्णता बाहेर निघून जाते, मधली जात नाही. म्हणून ही वाटी मध्यभागी सर्वांत खोल असते आणि घर मध्ये खचते. पहिली लक्षणे म्हणजे दारे चौकटीत अडकणे आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जाणे. आतली ऊब जितकी चांगली, तितके घर लवकर खचते. लेखांमध्ये ‘कडाक्याच्या थंडीशी झुंज’ वगैरे लिहिले जाते. बांधणाऱ्याची झुंज घरातली ऊब जमिनीत पोहोचू न देण्याची असते.

यावरचा जुना आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे घर खांबांवर उचलून धरणे आणि खाली वाऱ्याला मोकळी वाट देणे. खांब बसवण्याचे काम हिवाळा सरता सरता करतात, कारण तेव्हा वरचा थर कडक असतो आणि ड्रिलिंगचे यंत्र चिखलात रुतत नाही. खांबाच्या व्यासापेक्षा थोडे मोठे भोक पाडतात, खांब सोडतात आणि भोवतीची फट वाळू-पाण्याच्या घट्ट लगद्याने भरतात. तो लगदा गोठून खांबाला धरतो. घराचे वजन पेलते ते मुख्यतः ही पकड. खांबाच्या टोकाखालची जमीन पेलते ते थोडेच. म्हणून लगदा पुरता गोठायच्या आत वर वजन चढवायचे नसते. जमीन उणे ५ अंशांवर असेल, तर हे काम लवकर उरकते. उणे १ वर असेल तर आठवडे लागतात, पकडही कमकुवत राहते आणि वजनाखाली खांब वर्षानुवर्षे मिलिमीटर-मिलिमीटरने खाली सरकत राहतो. जमीन वितळण्याची वाट पाहावी लागत नाही; गोठलेली जमीन दोन-तीन अंशांनी तापली तरी इमारतीची ताकद घटते. ही गोष्ट लेखांतून हमखास सुटते.

खांब खाली जातात तसे वरही येतात. वरचा थर दर हिवाळ्यात गोठताना फुगतो आणि खांबाला चिकटून त्याला वर ओढतो. खालची पकड या ओढीपेक्षा जास्त हवी, म्हणून खांब वितळणाऱ्या थराच्या जाडीच्या निदान दोन-तीन पट खोल न्यावा लागतो. काही ठिकाणी वरच्या टप्प्यात खांबाला ग्रीस लावून बाहेरून आवरण घालतात, म्हणजे फुगणारी माती त्याला धरू शकत नाही. किनाऱ्यालगतच्या जमिनीत मीठ असले तर आणखी पंचाईत होते. खारे पाणी उणे तापमानातही काही प्रमाणात पातळच राहते आणि थर्मामीटर ‘गोठलेले’ म्हणत असताना जमीन मऊ निघते. लाँगियरब्येनमध्ये (नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे गाव, ७८ अंश उत्तर) जुनी घरे लाकडी खांबांवर आहेत. वरचा थर आता जास्त खोल आणि जास्त काळ ओला राहतो, म्हणून जमिनीलगतचे लाकूड कुजू लागले आहे. नव्या इमारतींना खालच्या खडकापर्यंत पोलादी खांब नेतात.

मोकळी ठेवलेली जागा मोकळी राहतेच असे नाही. नोरील्स्कमध्ये बहुमजली इमारती याच तत्त्वावर उभ्या आहेत आणि तिथे ही पद्धत रुजवणारे अभियंते म्हणून मिखाईल किम यांचे नाव घेतले जाते. रचना चांगली होती, देखभाल ढासळली. इमारतीखालच्या पोकळीतून जाणारे गरम पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप गळतात. रस्त्यावरचा बर्फ उपसून भिंतीला टेकवून ढीग लावले जातात आणि हवेची तोंडे बंद होतात. ताजा बर्फ उष्णता अडवतो, त्यामुळे त्याखालची जमीन हिवाळ्यातही पुरेशी थंड होत नाही. २९ मे २०२० रोजी याच शहराजवळच्या औष्णिक वीजकेंद्रातली डिझेलची टाकी खचून फुटली आणि २० हजार टनांहून जास्त डिझेल बाहेर पडले; त्यातले बरेचसे नदीत गेले. सुरुवातीला बोट वितळणाऱ्या जमिनीकडे दाखवले गेले. पुढे तपासात बांधकामातले आणि देखरेखीतले दोषही निघाले. हवामानबदल खरा आहेच, पण गळक्या पाइपाचे खापरही त्याच्यावर फोडणे फार सोयीचे असते.

गॅरेज, अग्निशमन केंद्र, विमानांचे हँगर अशा इमारती खांबांवर चढवता येत नाहीत, कारण गाडी जमिनीवरूनच आत यायला हवी. तिथे खडीचा जाड थर, त्यात थर्मोसायफनच्या नळ्या, त्यावर फोमच्या जाड पाट्या आणि मग काँक्रीट अशी रचना करतात. थर्मोसायफन म्हणजे बंद नळी. आत दाबाखाली भरलेला कार्बन डायऑक्साइड किंवा अमोनिया असतो आणि वरच्या टोकाला पाती असतात. खाली जमिनीच्या उष्णतेने द्रवाची वाफ होते, ती वर जाते, थंड हवेत पुन्हा द्रव होते आणि ओघळून खाली येते. वीज लागत नाही, पंप नाही. हवा जमिनीपेक्षा गरम झाली की हे चक्र आपोआप थांबते. म्हणजे हिवाळ्यात जमीन जादा थंड करून ठेवायची आणि त्या शिलकीवर उन्हाळा काढायचा. अलास्का ओलांडणाऱ्या तेलवाहिनीच्या आधारखांबांत अशा एक लाखाहून जास्त नळ्या आहेत. दोष एकच, पण वाईट: वायू गळून गेला तरी बाहेरून काही दिसत नाही. कडाक्याच्या दिवशी पात्यांचे तापमान मोजायचे. चालू नळीची पाती भोवतालच्या हवेपेक्षा किंचित गरम असतात. अगदी हवेइतकीच थंड असतील तर नळी मेली. फरशीला तडा जायच्या आत हे कळायचा तोच एक स्वस्त मार्ग आहे.

रस्त्यांचेही असेच. इनुविक ते तुक्तोयाक्तुक हा सुमारे १३८ किलोमीटरचा कॅनडातला रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये खुला झाला. त्याचा भराव मुख्यतः हिवाळ्यात टाकला गेला: गोठलेल्या जमिनीवर कापड अंथरून त्यावर माती-खडी. जमीन कुठे खणायची नाही, तिच्यावरचे शेवाळ-गवतही सोलायचे नाही, कारण तेच तिचे पांघरूण. तरी कडा खचतात, कारण भरावाच्या पायथ्याशी बर्फ साचतो आणि तिथली जमीन उबदार राहते.

आता पाणी. पाइप जमिनीत गाडता येत नाहीत, असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धसत्य आहे. १९५०च्या दशकात वसवलेल्या इनुविकमध्ये पाणी, सांडपाणी आणि पूर्वी गरम पाणीही जमिनीच्या वर उभारलेल्या, उष्णतारोधक पेट्यांतून घरोघर नेले गेले. या पेट्यांना तिथे युटिलिडॉर म्हणतात. त्या ओलांडायला जागोजागी पायऱ्या कराव्या लागल्या. अलास्कातल्या उत्कियाग्विकमध्ये (७१ अंश) याच कामासाठी जमिनीखाली बोगदा आहे. कुठल्याही पद्धतीत नियम दोनच: पाणी पाठवण्याआधी काही अंश तापवायचे आणि ते सतत फिरते ठेवायचे. थांबलेले पाणी गोठते. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगते आणि पाइप फोडते. म्हणून पंपाला दुसरा पंप आणि विजेला दुसरा जनरेटर जोडलेला असावाच लागतो.

नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशातल्या बहुतेक गावांना पाइप परवडतच नाहीत. तिथे टँकर येतो. घरात, उबदार भागात, हजार-बाराशे लिटरची टाकी असते. घरात सहा माणसे आणि माणशी शंभर लिटर धरले, तर ती दोन दिवसांत रिकामी. हिमवादळाने टँकर तीन दिवस अडला की काय होते, त्याचा हिशेब वाचकांनी करावा. सांडपाण्याची टाकी पाण्याच्या टाकीपेक्षा मोठी असते, कारण ती आधी भरली तर घाण परत घरात येईल. ती भरत आली की तरंगता स्विच नळाचा पंपच बंद करतो. म्हणजे टाकीत स्वच्छ पाणी असूनही नळ कोरडा. उपसलेले सांडपाणी गावाबाहेरच्या तळ्यात जाते. ते तळे वर्षातले आठ-नऊ महिने गोठलेले असते, म्हणजे शुद्धीकरण जे काही होते ते दोन-तीन महिन्यांत. तिथल्याच ग्रीस फियॉर्ड गावात (७६ अंश) उन्हाळ्यात हिमनदीचे वितळलेले पाणी मोठ्या टाक्यांत भरून घेतात आणि तेच पुढचा उन्हाळा येईपर्यंत पुरवतात. आणि घोटाळा जुन्या गोष्टींतूनही उद्भवतो. २०२१च्या ऑक्टोबरात नुनावुतची राजधानी इकालुइतच्या नळाला इंधनाचा वास आला आणि सुमारे दोन महिने ते पाणी पिण्यास मनाई होती. शोध घेता जलशुद्धीकरण केंद्राजवळ जमिनीत १९६२ सालची इंधनाची टाकी सापडली.

इंधनावरच सगळे चालते. नुनावुतच्या २५ गावांना एकमेकांशी जोडणारे रस्ते नाहीत आणि वीजवाहिन्याही नाहीत. प्रत्येक गावाचे स्वतःचे डिझेल वीजकेंद्र. उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाज येते. फार उत्तरेला ते वर्षातून एकदाच. धक्का नसला तर माल छोट्या पडावांतून काठावर आणतात आणि तेल तरंगत्या नळीतून किनाऱ्यावरच्या टाक्यांत पंप करतात. वर्षभराचे तेल आणि वर थोडा साठा असे एकदम घ्यावे लागते. डिझेलही खास लागते, कारण साध्या डिझेलमधले मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवते. घर बांधायचे तर यादी कित्येक महिने आधी द्यायची. सामान उन्हाळा संपता संपता उतरते, खांब पुढच्या वसंतात बसतात, भिंती त्यानंतरच्या उन्हाळ्यात उभ्या राहतात. यादीत खांबांचे बोल्ट राहिले, तर ते विमानाने आणायचे किंवा वर्ष सोडायचे. नुनावुतच्याच पांगनिर्तुंगमध्ये २०१५च्या एप्रिलमध्ये वीजकेंद्राला आग लागून आणीबाणी जाहीर करावी लागली. अशा गावात वीज जाणे म्हणजे दिवे जाणे नसते. घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा विजेवर, पाण्याचा पंप विजेवर. काही तासांत पाइप गोठू लागतात. लाँगियरब्येननेही कोळशावरचे वीजकेंद्र २०२३च्या ऑक्टोबरात बंद करून डिझेल जवळ केले. हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार आहे की पुढच्या सौर-पवन व्यवस्थेची तात्पुरती पायरी, यावर तिथेच दुमत आहे.

घराच्या आतही शत्रू उबच, या वेळी ओलाव्याच्या रूपाने. स्वयंपाक, अंघोळ, श्वास यांची वाफ भिंतीच्या फटीत शिरली की उष्णतारोधक थरात गोठते. हिवाळाभर साचते आणि वसंतात भिंतीतून पाणी ओघळते. म्हणून बाष्परोधक प्लास्टिक आतल्या, उबदार बाजूला लावायचे आणि प्रत्येक जोड, प्रत्येक स्विचबॉर्डचे भोक चिकटपट्टीने बंद करायचे. एवढे घट्ट घर केले की यांत्रिक वायुवीजन अपरिहार्य ठरते. बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेला ऊब देते असे ते यंत्र; पण उणे ३०-४० मध्ये त्याच्या गाभ्यातच दव गोठून ते तुंबते. मग गार झोत येतो, आवाज येतो, कुणीतरी ते बंद करते आणि दोन महिन्यांत कोपऱ्यांत बुरशी धरते. नुनावुतमध्ये घरांचा तुटवडा मोठा आहे. एका घरात दोन-तीन कुटुंबे, वर बंद हवा. तिथल्या क्षयरोगाच्या जास्त प्रमाणाशी याचा थेट संबंध जोडला जातो. भट्टीच्या धुराड्यावर बर्फ चढला तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. दार वाऱ्याच्या आडोशाला ठेवावे असे वाटते, पण वाऱ्याने उडालेला बर्फ आडोशालाच पडतो. दार वाऱ्याला समांतर बाजूला हवे.

जागा निवडताना चूक झाली तर खांब आणि प्लास्टिक काही कामाचे नाही. १९ डिसेंबर २०१५ रोजी लाँगियरब्येनमध्ये वादळाने डोंगराच्या उतारावर साठवलेला बर्फ सुटला. ११ घरे उखडली आणि दोन माणसे गेली. धोक्याच्या पट्ट्यातली घरे नंतर पाडण्यात आली आणि उतारावर बर्फ अडवणारी कुंपणे उभी राहिली.

‘मरायला बंदी’बद्दल: लाँगियरब्येनमध्ये असा कायदा नाही. तिथल्या दफनभूमीत गेली अनेक दशके शवपेट्या पुरत नाहीत; रक्षाकलश परवानगीने पुरता येतो. कारण वर आलेच आहे: फुगणारा थर खांबांप्रमाणे पेट्याही वर ढकलतो. गंमत अशी की १९१८च्या इन्फ्लुएन्झाने दगावलेल्या सात तरुणांच्या तिथल्या कबरी १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी उघडल्या, तेव्हा पेट्या कायम गोठलेल्या जमिनीत नव्हेत, तर वरच्या वितळत्या थरातच निघाल्या आणि हवा तसा विषाणू मिळाला नाही. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन इथल्या कबरीतून मात्र आदल्याच वर्षी तो मिळाला होता. ‘माणसांपेक्षा अस्वले जास्त’ हेही तसेच. तीन हजारांचा आकडा संपूर्ण बॅरेंट्स समुद्राच्या परिसराचा आहे. स्वालबार्डच्या बेटांवरची अस्वले तीनशेच्या आसपास.

इग्लू मुख्यतः मध्य कॅनडाच्या आर्क्टिकमधला आणि वायव्य ग्रीनलंडमधला, हिवाळी शिकारीचा निवारा. अलास्कात वाहून आलेली लाकडे, व्हेलची हाडे आणि गवताळ मातीची ढेकळे यांचे घर असे. आत शिरायचा बोगदा जमिनीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे जड थंड हवा तिथेच अडते. सायबेरियातल्या यामालचे भटके नेनेत्स लोक आजही रेनडिअरच्या कातड्यांच्या दुहेरी थराचा ‘चूम’ तंबू काही तासांत उतरवून पुढे निघतात. पर्माफ्रॉस्टचा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही, कारण ते एका जागी राहिले नाहीत. एका जागी बसवण्याचा हट्ट सरकारांचा. १९५३ मध्ये कॅनडाने उत्तर क्वेबेकमधल्या इनुइत कुटुंबांना जवळपास २,००० किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फियॉर्ड आणि रेझोल्यूट इथे नेऊन सोडले. महिनोन्‌महिने न उगवणारा सूर्य त्यांनी कधी पाहिला नव्हता, शिकार वेगळी होती, आणि दोन वर्षांनी परत आणण्याचे वचन पाळले गेले नाही. सरकारने माफी मागितली ती २०१० मध्ये. त्याच १९५३ साली ग्रीनलंडमध्ये अमेरिकी हवाई तळासाठी थुलेच्या लोकांना शंभरेक किलोमीटर वर, आजच्या कानाक इथे, हलवले गेले. डेन्मार्कची माफी १९९९ मधली. याउलट, पूर येतो म्हणून अक्लाविकचे गाव हलवून इनुविक वसवले, तर अक्लाविककरांपैकी बरेच जण हललेच नाहीत. ते गाव आजही तिथेच आहे.

भारताचा ‘हिमाद्री’ हा संशोधन तळ जुलै २००८ पासून स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंडमध्ये (जवळपास ७९ अंश) आहे आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही तिथे काम चालते. हा तळ म्हणजे बर्फावर रोवलेला तंबू नव्हे; १९६२च्या अपघातात २१ जण गेल्यानंतर बंद पडलेल्या कोळसाखाणीच्या गावातली ती एक इमारत आहे. तिथे २० किलोमीटरच्या परिघात २ ते ३२ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातले प्रक्षेपण परवान्याशिवाय चालत नाही, म्हणून फोनचे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते.

एक विनंती. यापुढे या विषयावरच्या लेखासोबत नकाशा छापाल, तेव्हा आर्क्टिक वृत्ताच्या जोडीला आणखी तीन रेषा द्याव्यात: सलग पर्माफ्रॉस्टची दक्षिण सीमा, मार्चमधल्या समुद्रबर्फाची कड आणि सप्टेंबरमधल्या बर्फाची कड. पहिलीवरून त्या गावातले घर कसे बांधले असेल ते कळते. उरलेल्या दोन रेषांवरून जहाज कधी पोहोचते ते.

कळावे,

आपला,
पर्माफ्रॉस्टवरील बांधकामाचा एक अभ्यासक